अंगठा, सही आणि वाचन

(पंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक व प्रौढ शिक्षण कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामीण भागातील जुने दस्तऐवज चाळले तर अखेरीस एक शेरा हटकून आढळतो. मजकूर वाचून दाखविला, तो समजला व कबूल आहे, अशा आशयाचा तो शेरा असतो. त्याखाली शाईत उमटलेला अंगठा, आणि अंगठ्याच्या बाजूला दुसऱ्याच कोणाच्या तरी हस्ताक्षरात त्या व्यक्तीचे नाव. या शेऱ्याला कायद्याच्या दृष्टीने मोल आहे. निरक्षर व्यक्तीचा, विशेषतः निरक्षर स्त्रीचा, दस्तऐवज वादात सापडला आणि न्यायालयापुढे आला, तर तो तिला समजावून सांगितला होता की नाही, याची कसून विचारणा होते. अंगठा उठविणाऱ्या बाईच्या बाजूने कायदा एवढा तरी उभा राहतो.

आता याच बाईला कोणी आठ दिवसांत नाव गिरवावयास शिकविले, आणि तेवढ्यावर वर्ग आटोपला, तर काय घडते? तो शेरा गळून पडतो. जी व्यक्ती सही करते ती मजकूर वाचूनच करते, असे धरून चालण्याचा जगाचा प्रघात आहे. वाचता तर येत नाही, आणि वाचता येत नव्हते हे सांगून सुटण्याची वाटही बुजते. साक्षरता प्रसाराच्या कार्यातील हे एक विचित्र वळण होय. स्त्रियांच्या संदर्भात ते अधिक बोचते, कारण त्यांच्या सह्या त्यांच्याच हिताविरुद्ध घेण्याचे प्रसंग घरातच उद्भवतात.

जनगणनेची व्याख्या या बाबतीत चोख आहे. सात वर्षे व त्यावरील वयाची जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू शकते व लिहूही शकते, तीच साक्षर. नुसती सही करणारी साक्षर नव्हे. इतकेच काय, वाचता येते परंतु लिहिता येत नाही अशी व्यक्तीही साक्षर नव्हे. १९५१ साली देशातील शंभर स्त्रियांपैकी जेमतेम नऊ साक्षर होत्या. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ६४.६ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात ते ७५.९ टक्के होते व पुरुषांचे ८८.४ टक्के. साठ वर्षांतील ही मजल निश्चितच मोठी आहे. तथापि, महाराष्ट्रासारख्या पुढारलेल्या म्हणविल्या जाणाऱ्या राज्यात चारातील एक स्त्री त्या गणनेपर्यंत अक्षरांच्या बाहेरच राहिली होती, आणि आकडा सांगणाऱ्याला जी उरलेली एक वाटते, ती तिच्या घरी सबंध संसार असते.

प्रौढ स्त्रीला शिकविण्याची कल्पना या भूमीला परकी नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये श्रमिकांसाठी रात्रीची शाळा काढली. रमाबाई रानडे यांना अक्षरओळख झाली ती विवाहानंतर, सासरी, पतीच्या आग्रहाने. आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्यांच्या शिकण्याला किती विरोध केला हे त्यांच्या आठवणींच्या वाचकांना ठाऊक आहे. पुण्याच्या सेवासदनात १९०९ पासून प्रौढ स्त्रियांना जे वर्ग लाभले, त्यामागे हा अनुभव होता. महर्षी कर्व्यांनी उतारवयात, १९३६ मध्ये, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी स्वतंत्र मंडळ स्थापिले. ही नामावली वाढविता येईल. परंतु शासनाच्या पातळीवर महाराष्ट्रात ज्या प्रयत्नाची प्रथम आठवण व्हावी तो प्रयत्न सातारा जिल्ह्यात झाला.

१९५९ मध्ये तेथे ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावच्या शाळेचा शिक्षक, शिकलेला तरुण, पंच, सारे त्यात उतरले. संपूर्ण गाव साक्षर झाले की वाजतगाजत ग्रामगौरव समारंभ होई. पुढे ही मोहीम राज्यभर पसरली. तीत उत्साह अमाप होता, खर्च नाममात्र होता. उणीव राहिली ती समारंभानंतरच्या दिवसांत. शिकलेले वाचावयाचे कोठे, आणि कशासाठी, याची तरतूद अपुरी पडली. ज्या बाईच्या हाती समारंभानंतर छापील कागद आलाच नाही, तिची अक्षरे दोन पावसाळ्यांत पुसली गेली तर दोष तिच्या बुद्धीचा म्हणता येणार नाही. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १५ ते ३५ वयोगटातील दहा कोटी निरक्षरांचे उद्दिष्ट घेऊन. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले. २००९ मध्ये आलेल्या साक्षर भारत कार्यक्रमाच्या सात कोटींच्या उद्दिष्टात सहा कोटी स्त्रिया होत्या. २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू झाला. नावे बदलत गेली. स्त्रियांच्या बाबतीतील प्रश्न मात्र तोच राहिला.

तो प्रश्न किती खरा आहे हे त्याच सातारा जिल्ह्यातील एका घटनेवरून दिसते. ग्रामशिक्षण मोहिमेच्या प्रारंभानंतर ३७ वर्षांनी, १९९६ मध्ये, माण तालुक्यातील म्हसवडच्या स्त्रियांनी स्वतःची सहकारी बँक काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे परवान्याचा अर्ज केला. माण हा अवर्षणाचा मुलूख. मेंढरे, चार शेळ्या, कोरडवाहू बाजरी, आणि वर्ष वाईट गेले की ऊसतोडीचा रस्ता. श्रीमती चेतना गाला-सिन्हा मुंबईहून लग्नानंतर म्हसवडला येऊन स्थायिक झालेल्या. रस्त्याच्या कडेला भाता लावून लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्यात झोपडीवर घालावयास प्लास्टिकचा कागद घ्यावा म्हणून तिला रोजची थोडी रक्कम बाजूला टाकावयाची होती. कर्ज नको होते, अनुदान नको होते. नुसते खाते हवे होते. बँकेने तिला परत पाठविले. एवढ्या थोड्या पैशांचे खाते बँकेला परवडत नव्हते. तेव्हा बँकच आपली असावी, हा विचार त्यातून निघाला.

अर्ज मात्र नामंजूर झाला. कारण असे, की प्रवर्तक सभासदांपैकी अनेकींनी सहीच्या जागी अंगठे केले होते, आणि निरक्षर प्रवर्तकांच्या बँकेला परवाना देता येत नव्हता. श्रीमती सिन्हा यांनी अनेक व्यासपीठांवर सांगितले आहे की, ही वार्ता घेऊन परतताना त्यांना रडू आवरेना. उलट त्या स्त्रियांनीच त्यांची समजूत घातली आणि वर्ग सुरू करावयास सांगितले. दिवसाचे काम संपवून त्या वर्गाला येत. पाच महिन्यांनी अर्ज पुन्हा गेला, आणि या खेपेस श्रीमती सिन्हा यांच्यासमवेत पंधरा स्त्रिया रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात गेल्या. त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले की आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, तेव्हा न शिकल्याचा दोष आमच्या माथी नाही. आणि हिशेब तर आम्हाला येतोच. कोणतीही मुद्दलाची रक्कम सांगा, तिचे व्याज आम्ही काढतो. तुमच्या माणसांनीही ते यंत्राविना काढावे, म्हणजे आधी कोणाचे होते ते पाहू. १९९७ मध्ये परवाना मिळाला आणि माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

ही हकीकत सांगितली की श्रोते टाळ्या वाजवितात. टाळ्यांच्या गडबडीत तिच्यातील दोन गोष्टी सुटून जातात. पहिली ही, की पाच महिन्यांत जे साधले ते वर्गाच्या पद्धतीमुळे साधले असे नव्हे. दारापुढे बंद असलेले एक फाटक अक्षरांनी उघडणार आहे, हे त्या प्रत्येकीला ठाऊक होते. शिकण्याचे कारण तिचे स्वतःचे होते. ते कोणी फलकावर लिहून दिलेले नव्हते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. व्याज काढण्याचे कौशल्य त्या बाईने वर्गात मिळविले नाही. ते तिच्यापाशी आधीच होते, आठवडी बाजारात शेळी विकताना आणि सावकाराचे देणे फेडताना कमावलेले. पन्नाशीची बाई वर्गात येते ती कोरी पाटी घेऊन येत नाही. आपल्या अनेक प्रौढ वर्गांतून तिच्यापुढे लहान मुलांची अंकलिपी ठेवली जाते आणि एक ते शंभर मोजावयास लावले जाते. जिने आयुष्यभर पायली-मापाने धान्य मोजले, तिला मोजणे शिकविणे हा तिचा काहीसा अपमानच होय. तिला हवी आहे ती अंकांची लिहिण्याची रीत. आणि ती हाती आली की अक्षरांची भीती निम्मी होते.

आता सहीकडे पुन्हा वळू. स्त्रीच्या जीवनात सही मागणारे कागद कोणते येतात, याचा विचार शिक्षकांनी क्वचितच केलेला असतो. पहिला कागद हक्कसोडपत्राचा. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. तो हक्क दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एका सहीने जातो. वडील वारल्यानंतर भाऊ गाडी करून बहिणीला नेतो, वाटेत तिच्या सासरची विचारपूस करतो, कचेरीत ती दाखविलेल्या जागी सही करते, आणि दिवाळीत भाऊबीजेला ओवाळणी जरा भारी येते. जी बहीण सर्व जाणून, आपल्या खुशीने हक्क सोडते, तिच्याविषयी कोणास काही म्हणावयाचे कारण नाही; माहेरचा उंबरा मोकळा राहावा यासाठी स्त्रिया फार मोठ्या किमती मोजतात, आणि ती किंमत मोजावी की नाही हा त्यांचा प्रश्न आहे. परंतु पुष्कळ बहिणींना तो कागद वारसनोंदीचा आहे की हक्कसोडपत्राचा, हेच माहीत नसते. साक्षरतेच्या वर्गात 'कमळ' आणि 'गवत' हे शब्द वाचावयास शिकलेल्या बाईला 'हक्कसोडपत्र' हा एकच शब्द वाचता आला असता तर तिने निदान हात थांबवून विचारले असते. शब्द मोठा आहे, जोडाक्षराचा आहे, प्रारंभीच्या पाठात बसत नाही, ही अडचण खरी. ती ओलांडता येण्याजोगी आहे.

दुसरा कागद ग्रामपंचायतीचा. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना किमान एक-तृतीयांश जागा मिळाल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. ग्रामनिधीच्या धनादेशावर सरपंचाची सही लागते, ग्रामसेवकाचीही लागते. कारभार पतिराजांनी पाहावा आणि सही सरपंचबाईंनी करावी, ही व्यवस्था अनेक गावांत इतकी रुळली आहे की तिच्यात कोणास गैर वाटत नाही. मात्र लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, वसुली लागली, की नोटीस येते ती सही करणारीच्या नावे. पतिराजांची सही कोठेच नसते. येथे जमलेल्या सरपंच भगिनींना हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

स्त्रियांना एकदा वाचता येऊ लागले की त्या काय वाचतात आणि पुढे काय करतात, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आंध्र प्रदेशातील आहे. नेल्लोर जिल्ह्यात संपूर्ण साक्षरता अभियान चालू असता, दुबगुंटा या गावच्या स्त्रियांनी वर्गातील पाठांवर चर्चा करता करता गावातील अरकाचे, म्हणजे देशी दारूचे, दुकान बंद पाडले. त्यांच्या या कृतीचाच पुढे वाचनपाठ झाला, आणि तो पाठ वाचून जिल्ह्यातील गावोगावच्या स्त्रिया १९९२ मध्ये दुकानांपुढे उभ्या राहिल्या. १ ऑक्टोबर १९९३ पासून त्या राज्यात अरकावर बंदी आली. १९९५ मध्ये आलेली संपूर्ण दारूबंदी दोनच वर्षांत, १९९७ मध्ये, सैल करावी लागली, हेही नमूद केले पाहिजे. महसुलाची गणिते स्त्रियांच्या हाती नव्हती. परंतु आपण केलेले कृत्य छापील अक्षरांत वाचावयास मिळणे, हा अनुभव त्या वर्गांनी दिला. पाठ्यपुस्तक मंडळांनी मनावर घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

महाराष्ट्रातही याला समांतर अशी तरतूद आहे. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील २५ टक्के स्त्री मतदारांनी सह्यांचा अर्ज केला तर दारूचे दुकान बंद करण्याविषयी गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी चित्रे असतात. आडव्या बाटलीला एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक मते पडली की दुकान बंद. चित्रे असल्यामुळे मत देण्यास अक्षर लागत नाही, ही सोय उत्तमच. पण अर्ज लिहावा लागतो, अर्जावरील सह्यांची पडताळणी होते, त्रुटी काढली तर तिला उत्तर द्यावे लागते. हा सारा मधला पल्ला वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या दोन-चार बायका गावात असल्याखेरीज ओलांडला जात नाही. बचत गटांतही हेच दिसते. गट दहा-पंधरा जणींचा, आणि इतिवृत्त व कर्जाची नोंदवही मात्र एखाद्या शिकलेल्या सुनेच्या अथवा बाहेरच्या लेखनिकाच्या हाती. ती सून माहेरी गेली की हिशेब थांबतो.

एक बदल मात्र असा आहे की ज्याची कल्पना १९७८ चा कार्यक्रम आखणाऱ्यांना आली नसती. अंगठा परत आला आहे. शाईचा नव्हे, यंत्रावरचा. शिधावाटप दुकानात यंत्रावर अंगठा, गावात येणाऱ्या बँक प्रतिनिधीच्या यंत्रावर अंगठा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची रक्कम स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ लागली, आणि ज्या बायका पूर्वी बँकेची पायरी चढल्या नव्हत्या त्याही खातेदार म्हणून वावरू लागल्या. अंगठ्याचा हा नवा अवतार सर्वस्वी वाईट म्हणता येत नाही. म्हसवडच्या बँकेतच एका खातेदार बाईने गुप्त क्रमांकाऐवजी अंगठ्याची खूण घेण्याचे सुचविले होते. क्रमांक कोणीही चोरील, अंगठा कसा चोरणार, असा तिचा बिनतोड सवाल होता. पण चोरी अंगठ्याची होत नाही, आकड्याची होते. अंगठा एकदा टेकला की यंत्राने हजार काढले की पंधराशे, हे पावतीवर असते, आणि पावती वाचावयाची असते. पावती मागावी, तीवरील रक्कम पाहावी, शिल्लक किती ते पाहावे, एवढा धडा पहिल्या आठवड्यात शिकविता येतो. त्यासाठी काना-मात्रा पूर्ण होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

वर्ग कोठे आणि केव्हा भरावा, याविषयी परिपत्रके पुष्कळ निघाली. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावाने आपल्यापुरते उत्तर काढले. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी उलटलेल्या, काही तर नव्वदीला टेकलेल्या स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारी शाळेत येऊ लागल्या. दुपारची वेळ निवडण्यात शहाणपण होते. सकाळचे काम उरकलेले आणि संध्याकाळच्या चुलीला अवकाश, एवढीच काय ती बाईची फुरसत. आणि शाळेचे मूळ होते एका साध्या इच्छेत. गावात पोथी वाचली जाते, ती आपल्यालाही वाचता यावी, असे या आजीबाईंना वाटत होते. वयाच्या सत्तरीत पोथी वाचून कोणता विकास साधणार, असा प्रश्न एखादा नियोजनकार विचारील. त्याला उत्तर देण्याची जबाबदारी त्या आजींवर नाही. तसेच, गणवेशातील आजीचे छायाचित्र वृत्तपत्रांना आवडते म्हणून फांगण्याची नक्कल गावोगाव करण्याचाही मोह नको. घ्यावयाचे ते एवढेच, की शिकणारीला काय वाचावयाचे आहे हे तिला आधी विचारले गेले.

ऊसतोडीच्या गावांत दुपारचा वर्गही निरुपयोगी, कारण दिवाळीपासून पाडव्यापर्यंत गावच रिकामे असते. तेथे वर्ग टोळीबरोबर फडावर जावयास हवा, अथवा पावसाळ्याच्या चार महिन्यांत बसवावयास हवा. मुकादमाच्या वहीत आपल्या कोयत्यापुढे किती उचल लिहिली आहे, हे वाचता येणे ही तेथील पहिली परीक्षा ठरावी. कार्यक्रमाच्या परीक्षेला वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांचे गुण असतात. मुकादमाच्या वहीला गुण नाहीत.

पंचायतींना करण्याजोगी एक गोष्ट सुचवून हे विवेचन थांबविता येईल. नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची ग्रामसभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि महसूल खात्याने सातबाराच्या चावडीवाचनाचे कार्यक्रम राज्यभर घेतलेले आहेत. या दोहोंची सांगड घालावी. महिला ग्रामसभेत त्या त्या वस्तीच्या नव्या फेरफार नोंदी तलाठ्याने वाचून न दाखविता साक्षरता वर्गातील स्त्रियांनी वाचाव्यात. नावे ओळखीची, गट नंबर ओळखीचे, बांध ओळखीचे. वाचनपाठ म्हणून याहून सोपा आणि याहून कामाचा मजकूर मिळणार नाही. कोणाचे नाव लागले व कोणाचे कमी झाले, हे त्याच बैठकीत त्याच बायकांना कळेल, आणि मुदत संपलेली नसेल तर हरकतही घेता येईल. वाचणारी अडखळेल, 'वारस' शब्दावर थांबेल, मागून कोणी हसेलही. सभा अर्धा तास लांबली तर लांबू द्यावी. ग्रामसेवकांनी तेवढा वेळ कार्यक्रमपत्रिकेत आधीच धरून ठेवावा.